एका कोसाची यात्रा

यात्रा म्हटली कीं ती दूरचीच असली पाहिजे, असा आपणां लोकांचा दृढ समज आहे. वाईस दक्षिणकाशी म्हणतात. परगांवचे लोक येथें येऊन कृष्णास्नानानें कृतार्थ होतात, आणि आम्ही वाईकर मात्र उत्तरेकडील काशीस जाण्यासाठीं पैसे सांठवीत बसतों! हा दोष आम्ही इतरांस लावीत नाहीं. तो आमचाच आहे, आणि यंदाच्या वैशाखांत तो आमच्या पदरीं कसा पडला, तेवढेंच येथें सांगावयाचें आहे.

घरांतील मंडळी कोंकणांत एका लग्नकार्यास गेली होती. धाकटे बंधु, भावजय, मुलें, सुना, नातवंडें असें चौदा माणसांचें घर एकाएकीं ओस पडलें, व मागें आम्ही उभयतां राहिलों. त्याच आठवड्यांत वैशाख शुद्ध पंचमी आली. १९८३ सालीं याच तिथीस आमचें लग्न झालें. या निमित्तानें आम्हीं काश्मीर पाहून यावें, असा मुलांचा आग्रह होता. तिकिटें काढावयाचीच काय ती बाकी राहिली होती. पण सौभाग्यवतीनें साफ नकार दिला. "आठ दिवस दोघांपुरता कुकर लावावयाचा, हीच मला थंड हवा," असें ती म्हणाली.

पहिले दोन दिवस दुपारची झोंप आणि संध्याकाळीं ओटीवरचा वारा यांत गेले. पंचमीच्या सकाळीं आम्हीं मोठ्या उदारपणानें विचारलें, "आज कोठें जावयाचें?" मनांत पांचगणीची सहल होती.

"मेणवलीला," ती म्हणाली.

"मेणवली? ती काय पाहावयाची! एका कोसावर तर आहे."

"आपण पाहिली असेल. मीं नाहीं पाहिली."

आम्ही निरुत्तर झालों. शाळेंत असतां दर हिंवाळ्यांत मुलांची सहल घेऊन आम्ही मेणवलीस जात असूं. ज्या मुलांच्या घरून डबा यावयाचा नाहीं, त्यांच्यासाठीं पहांटे उठून दशम्या कोण करीत असे, हें आम्हांस पक्कें ठाऊक होतें. जी दशम्या करीत होती तिनें मेणवली पाहिली आहे कीं नाहीं, हें मात्र ४२ वर्षांत एकदांहि विचारलें नव्हतें. घाटावर ती जात असे, पण धुण्याची बादली घेऊन किंवा ओटी भरण्यास. रिकाम्या हातानें कधींच नव्हे.

म्हणून त्या दिवशीं प्रथम रिकाम्या हातांनीं घाटावरच गेलों. वाईस कृष्णेवर सात घाट. पैकीं आमचा गंगापुरीचा. तेथून चालत गणपति आळीच्या घाटावर आलों. येथील ढोल्या गणपतीचें देऊळ १७६२ सालीं गणपतराव रास्त्यांनीं बांधविलें. त्याची मागील भिंत मत्स्याकार आहे. पुराचा लोंढा तिच्यावर आपटून दुभंगावा, ही त्यांतील योजना. आम्ही हें समजावून सांगत असतां सौभाग्यवती पायऱ्या मोजीत होती.

"पाणी कितव्या पायरीस लागलें म्हणजे पोथ्या माळ्यावर न्यावयाच्या, हें सासूबाईंनीं मला पहिल्याच श्रावणांत शिकविलें होतें."

पोथ्या आमच्या. त्या पावसाळ्यांत माळ्यावर जातात व दसऱ्यास खालीं येतात, इतकेंच आम्ही जाणत होतों.

तेथून रिक्षा करून मेणवलीस गेलों. नाना फडणिसांचा सहा चौकी वाडा, त्याच्या भिंतींवरील जुनीं रंगचित्रें, आणि मागें नदीकडे उतरणारा प्रशस्त घाट. २००४ सालच्या 'स्वदेस' चित्रपटाचें चित्रण येथें झाल्यापासून तरुण मंडळी छायाचित्रें काढावयास पुष्कळ येतात. त्या दिवशीं मात्र ऊन चढलें होतें व गर्दी नव्हती. वाड्यांत कोण राहत असे, असें सौभाग्यवतीनें विचारलें. आम्हीं नानांची राजनीति सांगावयास घेतली, तों ती म्हणाली, "बायकांपैकीं कोण?" मग जिऊबाईची गोष्ट सांगावी लागली. १८०० सालीं नाना वारले तेव्हां ही त्यांची पत्नी लहान मुलगीच होती. पुढें पुष्कळ अस्थिरता सोसून तिनें उत्तरायुष्य याच वाड्यांत काढलें.

"म्हणजे संसार नाहींच झाला, नुसतें घर राखलें," एवढेंच ती बोलली, व बराच वेळ चौकांत उभी राहिली.

घाटावर देवळाजवळ एक मोठी घंटा टांगलेली आहे. ती पाहतांच आमच्यांतील मास्तर पुनः जागा झाला. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई घेतली, तेथील फिरंग्यांच्या घंटा विजयचिन्हें म्हणून देवळोदेवळीं गेल्या, भीमाशंकरास एक, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळास एक, असें आमचें नेहमींचें व्याख्यान सुरू झालें. सौभाग्यवती चष्मा सांवरून घंटेजवळ गेली होती.

"अहो, हिच्यावर बाई आहे. आणि तिच्यापाशीं मूल आहे."

ती येशूची माता मेरी, हें आम्हांस ठाऊक होतें. पण मुलांना आम्ही सन सांगत असूं, धातु सांगत असूं, विजय सांगत असूं, आणि "चला पुढें" म्हणत असूं. लेकरूं घेतलेली एक आई परमुलुखांतून येऊन येथें कृष्णाकांठीं राहिली आहे, असें काहीं आमच्या मनास कधीं शिवलें नव्हतें. सौभाग्यवतीनें पिशवींतून कुंकवाची डबी काढली आणि ती थबकली.

"हिला चालेल का?"

"त्यांच्यांत तशी चाल नाहीं."

"मग राहूं दे," म्हणून तिनें नुसते हात जोडले. पायऱ्या उतरतांना तिचे गुडघे दुखूं लागले, तेव्हां आम्हीं हात पुढें केला. भर घाटावर असा हात धरण्याचा आमचा हा पहिलाच प्रसंग. कोणीं पाहिलें असल्यास पाहिलें!

रात्रीं स्वयंपाक आम्हीं केला. मऊ भात किंचित् लागला होता, पण मेतकुटानें तें झांकलें. इतक्यांत कोंकणांतून नातवाचा फोन आला: आजी, कोठें गेलां होतां? "मेणवलीला!" हें तिनें अशा थाटांत सांगितलें कीं पलीकडे मेणवली हें काश्मीरांतीलच एखादें स्थळ वाटावें.

फोन खालीं ठेवून ती म्हणाली, "उद्यां धोमला जाऊं. तेथला नंदी कासवावर बसलेला आहे ना?"

"तूं धोम पाहिलें आहेस?"

"नाहीं."

"मग हें तुला कोणीं सांगितलें?"

"आपणच. ओटीवर मुलांची शिकवणी घेत होतां, तेव्हां मी आंत ऐकत होतें."