लॅपटॉपचे कार्ड आणि जात्यावरच्या ओव्या

आमच्या पिंपळवंडीच्या वस्तीत सत्तरी ओलांडलेल्या आठ-दहा बाया आहेत. त्यांना जात्यावरच्या ओव्या पाठ आहेत, त्यांत बाबासाहेबांच्या ओव्याही आहेत. पीठगिरणी आली, जाती परसात पडली, ओव्या मात्र तोंडी राहिल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रातील गावोगावच्या अशा लाखाहून अधिक ओव्या जमवून ठेवल्या. आपल्या वस्तीच्या आपण जपाव्यात, असे महिला मंडळाने ठरविले. भीमजयंतीला विहारात चित्रफीत दाखवायची होती. माझ्या भाचीने मोबाईलवर बारा तासांचे चित्रण केले.

खरी अडचण जुळवणीला बसल्यावर आली. लॅपटॉप दर दोन मिनिटांनी गोठे. आजीचे ओठ हलून जात आणि आवाज मागाहून येई. बाजारपेठेतल्या एका दुकानदाराने पाहताच सांगितले, "ग्राफिक्स कार्ड बदला, पस्तीस हजार लागतील." मंडळाची वर्गणी अठरा हजार, तीही कांदे काढणीच्या मजुरीतून आलेली. कुणी म्हणाले, स्टुडिओवाल्याला देऊन टाका. बाया ऐकेनात. तो मागे सिनेमाचे संगीत घालील आणि ओव्या कापील, ही त्यांची धास्ती. मला त्यांचे पटले. १९२० साली 'मूकनायक'ची पैसे मोजून द्यायची जाहिरातसुद्धा 'केसरी'ने घेतली नव्हती. आपले म्हणणे आपल्या हाती असलेले बरे.

आता त्या कार्डाविषयी. टेबलावरच्या संगणकात ग्राफिक्स कार्ड खाचेत बसते, जुने काढून नवे लावता येते. लॅपटॉपमध्ये मात्र ती चिप बहुधा मदरबोर्डावरच डाख देऊन पक्की केलेली असते. सुटे कार्ड बसेल असे लॅपटॉप फार थोडे निघाले. थंडरबोल्टची खाच असेल तर बाहेरून पेटीत कार्ड जोडता येते, पण पेटी आणि कार्ड मिळून जो खर्च होतो त्यात थोडी भर घातली तर टेबलावरचा चांगला संगणक येतो. आमच्या लॅपटॉपला ती खाचही नव्हती. म्हणजे दुकानदार पस्तीस हजारांत काय बदलणार होता, ते त्यालाच ठाऊक!

भाची म्हणाली, "मामा, आधी मशीन कुठं अडतंय ते तर बघू." तिने टास्क मॅनेजर उघडून ठेवला आणि काम सुरू केले. ग्राफिक्सचा आकडा खालीच. आठ जीबी मेमरी मात्र तुडुंब भरलेली, आणि जुनी हार्डडिस्क शंभर टक्क्यांवर धापा टाकत होती. मग मेमरी सोळा जीबी केली, हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसविली. वर्गणीत भागले, आणि मूळ चित्रण ठेवायला दोन बाहेरच्या डिस्काही आल्या.

तरी फोरके चित्रण जडच जाई. त्यावर उपाय फुकटचा निघाला. जुळवणीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सी नावाची सोय असते. ३८४० बाय २१६० च्या चित्राची १२८० बाय ७२० ची हलकी नक्कल करायची. ठिपके नऊ पटींनी कमी होतात. कापाकापी नकलेवर करायची, शेवटची फीत मूळ चित्रणातून काढायची. ओठ आणि आवाज यांच्या फारकतीचे कारण वेगळेच होते. मोबाईल एका सेकंदाला कधी तीस चित्रे घेतो, कधी कमी. सगळे चित्रण आधी एकसारख्या गतीत बदलून घेतल्यावर आजीचा शब्द तिच्या ओठांवर आला.

कार्डाला किंमत नाही असे नव्हे. रंग सुधारणे, चित्रातली खरखर घालविणे, अक्षरांच्या करामती, ही कामे त्याच्यावरच चालतात. ज्यांना रोज तेच करायचे आहे त्यांनी मशीन घेतानाच चांगले कार्ड आणि त्याची स्वतःची मेमरी पाहून घ्यावी. विहारासाठी घ्यायचे तर मी टेबलावरचाच संगणक सुचवीन.

चाळीस मिनिटांची फीत निघायला साडेपाच तास लागले. जयंतीच्या आदल्या रात्री लावून ठेवली, आणि वीज जाऊ नये म्हणून आम्ही तिघेजण उगाचच जागत बसलो. त्यातल्या एक आजी माघ महिन्यात वारल्या. त्यांच्या सात ओव्या फितीत आहेत. कार्यक्रम संपल्यावर त्यांची सून पेनड्राईव्ह घेऊन आली, तेवढा भाग वेगळा काढून द्या म्हणाली. भाचीने तिथेच बसून दिला.