गायब पट्टीचा लोचा

गावी गेलं की लॅपटॉपला हात लावायचा नाही, हा माझा फंडा. गेल्या दिवाळीत तो मोडला आणि सॉलिड तोंडावर आपटले.

आमचं गाव राजूर. यवतमाळ जिल्ह्यात, वणीजवळ. कोळशाची खाण आणि चुन्याच्या भट्ट्या. त्यातली एक भट्टी काकांची. मजुरांचा हिशेब ठेवायला धाकट्या भावाने कॉलेजात असताना एक सॉफ्टवेअर लिहून दिलं होतं. विंडोजवर ते वर्षानुवर्षं मस्त चाललं. मग काकांचा डेस्कटॉप बसला, मी माझं जुनं मॅकबुक त्यांना दिलं आणि भावाने पुण्यात बसून एका वीकेंडला सॉफ्टवेअर मॅकवर आणलं. ‘काही नाही गं ताई, फक्त पोर्ट करायचंय.’ फक्त!

दिवाळीआधीचा शनिवार, चुकाऱ्याचा दिवस. काकांना अचानक नागपूरला जावं लागलं, मुनीम रजेवर. मी ऐटीत स्क्रीनवरची नावं वाचत पैसे मोजून दिले. 18 नावं झाली, यादी संपली. पिशवीत पैसे उरले. म्हटलं, काकांनी जादा ठेवले असतील. 4 बाया जरा वेळ उभ्या राहिल्या आणि न बोलता निघून गेल्या.

रात्री काका आले. ‘22 जण आहेत ना गं?’

यादीवर दोन बोटं फिरवली तर खालून 4 नावं वर आली. एकूण रकमेची ओळही तिथेच, खाली!

भावाला फोन लावला. विंडोजवर त्याच्या खिडकीच्या उजवीकडे स्क्रोलबारची जाड पट्टी कायम असायची, म्हणजे खाली अजून काहीतरी आहे हे आपोआप कळायचं. मॅकवर 2011 च्या ‘लायन’पासून ती लपायला लागली. माऊस जोडलेला असेल तर दिसते. नुसत्या ट्रॅकपॅडवर असाल तर स्क्रोल करेपर्यंत गायब. साहेबांनी टेस्टिंग केलं माऊस लावून. काकांकडे माऊसच नव्हता. त्यात 18 वी ओळ नेमकी खिडकीच्या कडेला संपत होती. अर्धं नाव जरी कापलेलं दिसलं असतं, तरी मला शंका आली असती.

टॉर्च घेऊन आम्ही रात्रीच त्या चौघींच्या वस्तीवर गेलो. ‘आमाले वाटलं, उचल कापली,’ एक म्हणाली.

‘मंग इचारलं काहून नाही?’ काका.

‘मशीनमंदी नावच नाही, तं काय इचारायचं?’

मी पैसे दिले. सॉरी म्हणायलाही जीभ वळेना.

भावाने त्याच आठवड्यात नवं व्हर्जन पाठवलं. पट्टी कायम दिसणारी, एकूण रक्कम सगळ्यात वर, शिवाय ‘22 पैकी 18 दिसत आहेत’ अशी लाल ओळ. काकांनी चष्मा वर-खाली करून बघितलं.

‘दिसते. पण अजून जाड कर म्हणावं त्याला.’