धूर आणि लिहाज

आमच्या लहानपणी एसटीत विडी ओढणाऱ्याला कोणी हटकत नसे. खोकणाऱ्या पोरालाच खिडकीशी सरकवत. आज कोणी विडी पेटवली, तर कंडक्टरच्या आधी प्रवासीच बोलतात. मुंबईच्या मुरली देवरांच्या याचिकेवर 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेला आदेश, 2003 चा कायदा आणि 2 ऑक्टोबर 2008 पासूनचे नियम या बदलामागे आहेत. दंड 200 रुपयांपर्यंतचाच. पण धुराविरुद्ध बोलणे म्हणजे आगाऊपणा नव्हे, एवढे बळ लोकांना त्यातून मिळाले.

घराला मात्र हा कायदा लागू नाही. तिथे लिहाज आडवा येतो. ईदला आलेल्या वडीलधाऱ्या मामूंना कसे सांगायचे? त्यापेक्षा दम्याच्या पोराला आतल्या खोलीत पाठवणे सोपे वाटते. आमच्याकडे अम्मींनीच तोडगा काढला. ॲशट्रे उचलून अंगणात नेला, शेजारी खुर्ची मांडली आणि चहाही तिथेच पाठवला. मामू त्या ईदला रुसले. पुढच्या ईदला आपणहून अंगणात गेले.

मशिदीत विडी पेटवू नका, असे कोणाला सांगावे लागते का? जागेची अदब मनात असली की फलक लागत नाही. लेकराच्या श्वासाचीही तशीच अदब राखू या.