पत्रावरची तारीख

1971 च्या डिसेंबरात मी चौथीत होतो. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव फौजेचं. घरटी एक तरी माणूस पलटणीत. लढाईला तोंड फुटल्यावर संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या रेडिओभोवती पुरुष जमत. बायकांचं सगळं लक्ष पोस्टमनच्या सायकलीकडे. पत्रं वाचून दाखवायचं काम आम्हा शाळकरी पोरांचं.

आपण कुठं आहोत हे जवान पत्रात लिहीत नसे. पत्त्यात नुसतं 56 एपीओ, नाहीतर 99 एपीओ. 56 म्हणजे पश्चिमेकडं आणि 99 म्हणजे पूर्वेकडं, हे पोस्टमनमामांनी सांगितलं, आणि आळीत त्या आकड्यांवरून घरं ओळखली जाऊ लागली. आमचं घर 99 चं. काका मराठा लाईट इन्फन्ट्रीत होता.

आजीला अक्षरओळख नव्हती, पण तिचा हिशेब पक्का होता. ‘‘आदी तारीक वाच, मग फुडचं,’’ म्हणायची. पत्र यायला आठ-दहा दिवस लागत. ‘मी खुशाल आहे’ हे वाक्य त्या जुन्या तारखेपुरतंच खरं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. तार तर कुणाच्याच दारात यायला नको होती. पलीकडच्या आळीत एका घरी आली. त्या दिवशी गावात चूल पेटली नाही.

मोट हाकणं पुरुषाचं काम. त्या महिन्यात काकूनं ती हाकली. बैल मागं सरताना तिचे पाय घसरत. तरीही पहाटे उठून हरभरा भिजवायची. तिच्याइतकं धीराचं माणूस मी नंतर क्वचितच पाहिलं.

16 तारखेला ढाक्यात पाकिस्तानी फौज शरण आली. गावात गुलाल उधळला. पश्चिमेकडची लढाई मात्र दुसऱ्या दिवशी रात्री 8 वाजता थांबली, त्यामुळे 56 वाल्या घरांना तो एक दिवस फार जड गेला. आजीनंही साखर वाटू दिली नाही. 16 च्या पुढची तारीख तिला हवी होती.

महिनाअखेरीस ते पत्र आलं. तारीख 19. आजीनं ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. काकाची पलटण जमालपूरला लढली, हे तो रजेवर आल्यावर कळलं. पत्रात लढाईबद्दल एक ओळ नव्हती. हरभऱ्याला पाणी दिलं का, एवढंच विचारलं होतं. काकूनं हात धुतले, कंदील पुढ्यात ओढला आणि मला उत्तर लिहायला बसवलं.