गव्हाच्या देशातला उन्हाळा

मुलांनो, नकाशाची वही जरा जवळ घ्या. उत्तर अमेरिकेचं पान काढा आणि कॅनडाच्या दक्षिण सीमेवरून बोट फिरवा. मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टा ही तीन नावं शेजारी शेजारी दिसतील. या प्रांतांच्या दक्षिण भागाला म्हणतात प्रेअरी, म्हणजे गवताळ मैदान. आपल्याला जायचंय मधल्या सस्कॅचेवानमध्ये. कॅनडातली चाळीस टक्क्यांहून जास्त लागवडीची जमीन या एकट्या प्रांतात आहे!

इंडियन हेड या छोट्या गावापासून पश्चिमेला निघालं, की रिजायना ही राजधानी लागते, मग मूस जॉ आणि शेवटी स्विफ्ट करंट. सव्वातीनशे किलोमीटरचा हा रस्ता. पण डोंगर नाही, घाट नाही, की साधी टेकडीही क्वचितच. नजर पोचेल तिथपर्यंत शेतं आणि वर भलंमोठं आभाळ. मध्येच रुळांच्या कडेला धान्याचं एखादं उंच कोठार दिसतं. पूर्वी अशी लाकडी कोठारं हजारोंनी होती. आता थोडीच उरली आहेत.

मे महिन्यातली पेरणी

आपल्याकडे गहू दिवाळीच्या सुमारास पेरतात आणि होळीच्या आसपास काढतात. इथे मात्र गहू पेरतात मे महिन्यात! कारण हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो आणि शेतावर बर्फाची दुलई असते. बर्फ वितळला, जमिनीला वाफसा आला, की पेरणीची एकच घाई उडते. सप्टेंबरात पुन्हा हिमकण पडू शकतात. त्यामुळे रोपाने उगवायचं, वाढायचं, ओंबी धरायची आणि दाणे भरायचे, ते सगळं साधारण शंभर-सव्वाशे दिवसांत.

बरं, पाऊस तरी किती? वितळलेला बर्फ धरूनही या भागात वर्षाला साधारण ३५० ते ४०० मिलिमीटर. आपल्याकडचा अहिल्यानगर जिल्हा (पूर्वीचा अहमदनगर) दुष्काळी म्हणून ओळखला जातो, पण त्याची सरासरीसुद्धा यापेक्षा जास्त आहे. तरीही इथे गहू पिकतो, कारण इथला बराचसा पाऊस जून-जुलैमध्ये, म्हणजे नेमका पिकाला हवा तेव्हा पडतो. तो चुकला, तर मग सप्टेंबरात कितीही कोसळला तरी उपयोग नाही. उलट उभ्या ओंबीतले दाणे भिजून त्यांना कोंब फुटतात. पावसाने किती पडावं याइतकंच त्याने कधी पडावं हेही महत्त्वाचं.

तहानलेलं रोप काय करतं?

रोपाच्या पानांवर डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात, पर्णरंध्रं. त्यांतून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि पाण्याची वाफ बाहेर जाते. तापलेल्या वाऱ्यात पाणी भराभर उडायला लागलं, की रोप ही दारं लावून घेतं. पाणी वाचतं खरं, पण दार लावलं की अन्न बनवायचं कामही थंडावतं. एका अर्थी रोप उपास करतं!

हा उपास कोणत्या वयात घडतो, यावर सगळं ठरतं. रोप लहान असताना ताण बसला, तर फुटवे कमी येतात. ऐन फुलोऱ्यात कडक ऊन पडलं, तर परागकण वांझ होतात आणि ओंबीत दाणेच कमी धरतात. आणि दाणा चिकात असताना उष्णता वाढली, तर पीक घाईघाईने पिकतं. दाणा भरायला वेळच मिळत नाही, तो पोचट राहतो. मोहरीच्या कुळातलं कॅनोला नावाचं तेलबियांचं पीक तर याहून नाजूक. पारा तिशीपार राहिला, की त्याची फुलं शेंग न धरताच गळायला लागतात.

माती उडाली तेव्हा

हा मुलूख शेतीला बेभरवशाचा आहे, हे फार आधी एकाने सांगितलं होतं. १८५७ ते १८६० या काळात जॉन पॅलिसर यांच्या तुकडीने ही मैदानं पालथी घातली. दक्षिणेकडचा मोठा त्रिकोणी पट्टा शेतीसाठी फार कोरडा आहे, असं त्यांचं मत पडलं. त्याला आजही ‘पॅलिसरचा त्रिकोण’ म्हणतात. तेव्हा इथे रानगव्यांसारख्या बायसनचे कळप चरत आणि क्री, ब्लॅकफूट अशा आदिवासी जमाती त्यांच्यामागे फिरत. गवताची मुळं खोलवर जाऊन माती घट्ट धरून ठेवत.

पुढे पावसाची काही बरी वर्षं आली. आगगाडी आली. दहा डॉलर फी भरा आणि १६० एकर घ्या, अशी सरकारी योजना होती. लाखो माणसं आली. गवत नांगरलं गेलं. लवकर पिकणारा ‘मार्क्विस’ गहूही मिळाला. आणि गंमत ऐका, या मार्क्विसचा एक पूर्वज होता ‘रेड फाइफ’ आणि दुसरा चक्क आपल्या भारतातला, ‘हार्ड रेड कलकत्ता’! चार्ल्स साँडर्स यांनी १९०४ च्या सुमारास हे वाण निवडून काढलं. म्हणजे प्रेअरीच्या भाकरीत आपलंही थोडं रक्त आहे म्हणायचं.

ओल साठवण्यासाठी शेतकरी काही शेतं वर्षभर पड टाकत आणि तण येऊ नये म्हणून ती कुळवून उघडी ठेवत. ओल साठायची, पण माती भुसभुशीत आणि उघडीबोडकी व्हायची. १९३० च्या दशकात एकामागून एक दुष्काळ आले, आणि ती उघडी माती वाऱ्याबरोबर आकाशात गेली. भर दुपारी दिवे लावावे लागत. ५ जुलै १९३७ ला रिजायनाच्या आग्नेयेला असलेल्या यलो ग्रास या गावी पारा ४५ अंशांवर गेला. कॅनडातला हा उच्चांक पुढे २०२१ पर्यंत टिकला. त्या वर्षी सस्कॅचेवानमध्ये एकरी गहू निघाला जेमतेम पाऊण क्विंटल! एरवी चार क्विंटलच्या आसपास निघायचा. पेट्रोलला पैसे नव्हते, म्हणून लोकांनी मोटारीचं इंजिन काढून तिला घोडे जुंपले. दहा वर्षांत सुमारे अडीच लाख माणसं प्रेअरी सोडून गेली. त्यांतल्या कितीतरी मुलांची शाळा अर्ध्यावर सुटली असेल!

धसकटांची गोष्ट

जी माणसं राहिली, त्यांनी मात्र माती धरायची असं ठरवलं. १९३५ मध्ये सरकारने प्रेअरीची शेती सावरण्यासाठी खास कायदा केला. तळी खोदली, उडणाऱ्या जमिनींवर पुन्हा गवत लावलं. आपण निघालो त्या इंडियन हेडला झाडांची सरकारी रोपवाटिका होती. १९०१ ते २०१३ या काळात तिने वाऱ्याला अडवणारी कोट्यवधी रोपं शेतकऱ्यांना वाटली. अल्बर्टातल्या चार्ल्स नोबल या शेतकऱ्याने रुंद पात्याचं अवजार बनवलं. आपल्या कुळवाच्या फाशीसारखं ते पातं जमिनीखालून तणांची मुळं कापत जातं, पण वरची धसकटं तशीच उभी ठेवतं.

पुढे शेतकरी आणखी पुढे गेले. आज इथले बहुतेक जण नांगरतच नाहीत. मागच्या पिकाच्या धसकटांमध्येच यंत्राने बी पेरतात. ही धसकटं हिवाळ्यात बर्फ अडवून धरतात, उन्हाळ्यात मातीवर सावली धरतात आणि वाऱ्याला जमिनीपर्यंत पोचू देत नाहीत. पड टाकण्याऐवजी कडधान्यं आली. सस्कॅचेवान विद्यापीठाने १९७८ मध्ये ‘लेअर्ड’ नावाचं मसुराचं वाण दिलं. मसुराला पाणी कमी लागतं आणि तो जमिनीला नत्र देतो. आज कॅनडाचा बहुतेक सगळा मसूर याच प्रांतात पिकतो आणि त्यातला बराच भारतात येतो. तुमच्या घरच्या मसुराच्या आमटीतले दाणे कदाचित याच रस्त्याकडेचे असतील!

मग २०२१ चा उन्हाळा आला. जूनअखेर उष्णतेची जबरदस्त लाट, त्यात पावसाने पाठ फिरवलेली. आदल्या वर्षी कॅनडात साडेतीन कोटी टन गहू झाला होता, तो सुमारे सव्वादोन कोटी टनांवर आला. कित्येकांनी उभं पीक कापून गुरांना घातलं, कित्येकांना गुरं विकावी लागली. नुकसान मोठंच होतं. पण एक गोष्ट घडली नाही. १९३० च्या दशकासारखी आभाळ झाकणारी काळी वादळं उठली नाहीत. पीक गेलं, पण माती जागेवर राहिली. आणि माती राहिली, की पुढच्या वर्षीची पेरणी राहते.

पाऊस पाडणं कोणाच्या हातात नाही. पडलेला थेंब जपणं मात्र आहे.

करून पाहा : दोन सारख्या कुंड्यांत सारखीच माती भरा आणि मोजून एकेक पेला पाणी घाला. एका कुंडीवर वाळलेल्या गवताचा दोन बोटं जाड थर पसरा, दुसरी उघडी ठेवा. दोन्ही उन्हात ठेवा. दोन दिवसांनी मातीत बोट खुपसून पाहा. कुठली कोरडी, कुठली ओली? आईबाबांनाही दाखवा, आणि का ते त्यांना तुम्हीच समजावून सांगा!