सभासद कोण?

माझी सगळी नोकरी खेडा जिल्ह्यातल्या दूध मंडळ्यांचे हिशेब तपासण्यात गेली. ऑडिटला गेलं की मंत्री (गुजरातेत मंडळीच्या सेक्रेटरीला मंत्री म्हणतात) आधी रोजमेळ पुढे करायचे आणि मी आधी सभासदांची नोंदवही मागायची. पैशांचा घोळ रोजमेळात आज ना उद्या सापडतोच. संस्था कुणाची आहे, हे मात्र नोंदवहीतच कळतं.

निवृत्त झाले तरी ही खोड गेली नाही. धाकटी लेक डेन्व्हरला असते. तिच्याकडे गेले असताना आम्ही शेजारच्या वायोमिंग राज्यात फिरायला गेलो. गावाचं नाव बफेलो, पण म्हैस औषधालाही दिसली नाही! तिथल्या संग्रहालयात खोगिरं, बंदुका, गुरांना डाग द्यायच्या लोखंडी सळ्या असं सगळं मांडलेलं होतं. तिथेच वायोमिंग स्टॉक ग्रोअर्स असोसिएशन, म्हणजे तिथल्या गुरेमालकांच्या संघाबद्दल पहिल्यांदा कळलं. परत आल्यावर मी त्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं. माझा प्रश्न नेहमीचाच होता.

संघाची सुरुवात १८७०च्या दशकात शायेन शहरात झाली आणि १८७९ साली त्याला आजचं नाव मिळालं. गरज खरीच होती. मैलोन् मैल कुरण सरकारी, कुंपण कुठेच नाही, सगळ्यांची गुरं एकत्र चरायची. वसंतात ती गोळा करायची, वासरू ज्या गाईच्या मागे चालेल तिच्या मालकाचा डाग त्यावर द्यायचा. हे काम एकेकट्याने होणारं नव्हतं. कुठल्या भागातली गुरं कधी गोळा करायची ते संघ ठरवायचा. गुरं रेल्वेने शिकागोच्या बाजारात गेली की संघाचे निरीक्षक डाग तपासायचे आणि चोरीचं जनावर अडवायचे. इथपर्यंत मला त्यांचं कौतुकच वाटलं.

पण सभासद कोण? मोठे मालक. त्यातले काही तर इंग्लंड-स्कॉटलंडचं भांडवल घेऊन आलेले. शायेनमध्ये त्यांचा झकपक क्लब होता. प्रत्यक्ष घोड्यावर बसून गुरं राखणारे पगारी नोकर. त्यातल्या एखाद्याने पैसे साठवून स्वतःच्या चार गाई घेतल्या, तर त्याला कामावर ठेवायचं नाही असं मालकांनी ठरवून टाकलं. कारण काय, तर तो आपली वासरं चोरणार! चोऱ्या होत नव्हत्या असं नाही. पण चार गाई असणं हाच चोरीचा पुरावा मानणं म्हणजे कमालच झाली.

मग आला १८८४चा कायदा. आईपासून सुटलेलं, डाग नसलेलं वासरू म्हणजे ‘मॅव्हरिक’. अशी वासरं संघाच्या देखरेखीखाली लिलावात विकायची आणि पैसा संघाच्या निधीत. हा कायदा केला तो तिथल्या विधिमंडळाने, आणि त्यात संघाचे सभासद बसलेले. बिनडागी वासराचं काय करायचं, हा प्रश्न खरा होता. पण उत्तर देणारे आणि उत्तराचा फायदा घेणारे एकच. माझ्या ऑडिटमध्ये असं सापडलं असतं तर मी लाल पेनाने दोनदा रेघ ओढली असती.

१८८६-८७च्या भयंकर हिवाळ्यात हजारो गुरं बर्फात मेली, बडे मालक खचले. तिकडे छोटे शेतकरी सरकारी जमिनीवर वस्ती करून कुंपणं घालत होते. १८९२ साली जॉन्सन काउंटीतल्या छोट्या मालकांनी स्वतःचा वेगळा संघ काढला आणि बड्यांच्या आधी आपली गुरं गोळा करायचं जाहीर केलं. त्यांचा एक म्होरक्या नेट चॅम्पियन. एप्रिलमध्ये जुन्या संघातल्या बड्यांनी टेक्सासहून बंदूकवाले आणले आणि सुमारे ५० जणांची टोळी खास रेल्वेगाडीने निघाली. ९ एप्रिलला त्यांनी चॅम्पियनला आणि त्याच्या साथीदाराला एका घरात गाठलं. साथीदार आधी गेला. चॅम्पियन एकटा दिवसभर लढला आणि मधेमधे खिशातल्या वहीत काय चाललंय ते लिहीत राहिला. शेवटी घर पेटवलं, तेव्हा तो बाहेर पळाला आणि मारला गेला. खवळलेल्या गावकऱ्यांनी मग टोळीलाच वेढा घातला, तर राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमाने घोडदळ येऊन टोळी सुखरूप बाहेर निघाली! खटला पुढच्या वर्षी बारगळला. शिक्षा कुणालाच नाही. संघ दीडशे वर्षं ओलांडून आजही उभा आहे.

हे वाचताना सारखं आणंद आठवत होतं. आपल्या खेडा जिल्ह्याचा दूध संघ १४ डिसेंबर १९४६ रोजी नोंदला गेला, त्रिभुवनदास पटेल अध्यक्ष. त्यामागची गोष्टही व्यापाऱ्याच्या मक्तेदारीविरुद्धच्या दूध-संपाची. पण त्यांनी पाया वेगळा घातला. गावच्या मंडळीत म्हैस एक असो की वीस, मत एकच. वायोमिंगचा चार गाईंचा माणूस इथे असता तर रांगेत उभा राहून अध्यक्षही निवडून आला असता.

आता दुसरी बाजू, कारण अमूलचं नाव निघालं की आपण फक्त अभिमानाने बोलतो. चरोतरातल्या एका गावी मी ऑडिटला बसले होते. एक बाई घागर रिकामी करून पासबुक घ्यायला आल्या. पासबुक नवऱ्याच्या नावाचं, आणि नवरा बरीच वर्षं सुरतेला. मला म्हणाल्या, “बेन, भेंस हुं दोहुं, ने नाम एनुं केम?” वैरण, शेण, धार, मंडळीपर्यंतची पायपीट, सगळं त्यांचं. मत सुरतेला. आपल्याकडे जुने लोक बायकोलाच ‘आमची मंडळी’ म्हणत, आणि इथे मंडळीच्या वहीत बाईच नाही. मी अहवालात शेरा लिहिला की दूध भरणाऱ्या व्यक्तीस सभासद करून घेण्याचा विचार व्हावा. पुढच्या ऑडिटला नव्या पानावर सात बायकांची नावं होती. त्या बाईंचं नव्हतं, नवऱ्याची संमती आली नव्हती. दूध मात्र त्या रोज भरत होत्या.

आणंद वडोदऱ्याहून फार तर तासाभराचा रस्ता. अमूलचा कारखाना बघायला मुलांना नेता, तसं एकदा संध्याकाळी जवळच्या गावात मंडळीपाशी थांबा. रांगेत कोण उभं आहे ते आधी बघा, आणि मंत्र्यांची हरकत नसेल तर मग नोंदवही उघडा.