वेळासचीं कासवें

सोलापुरास समुद्र नाहीं. आमच्या वांट्यास आला तो माळ. म्हणून गेल्या फाल्गुनांत आम्ही रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळासला निघालों, तेव्हां शेजारचे एक गृहस्थ म्हणालेच, "कासवें पाहावयास एवढा प्रवास?"

वेळास हें नाना फडणिसांचें मूळ गांव. तेथील वाळूंत ऑलिव्ह रिडले जातीची मादी एका वेळीं शंभरेक अंडीं घालते. पूर्वीं लोक तीं उकरून नेत. २००२ सालीं चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेनें गांवकऱ्यांच्या साह्यानें तीं राखण्यास आरंभ केला; पुढें कासव-महोत्सव भरूं लागला. पाहुणे गांवकऱ्यांच्याच घरीं उतरतात, त्यांच्याच पंक्तीस जेवतात. कासव जगलें तर चार पैसे घरांत येतात, हें गांवास उमगलें.

सकाळीं घरट्यावरील टोपली उचलली. तळहातांत मावतील एवढालीं पिलें लाटांकडे सरपटूं लागलीं. आमची धाकटी कन्या श्वास रोखून पाहत होती. परततांना तिनें विचारलें, "बाबा, आपल्याकडे असें काय आहे?"

आम्हांस नान्नज आठवलें. सोलापुरापासून सुमारें वीस किलोमीटरांवर माळढोकासाठीं १९७९ सालीं अभयारण्य झालें. "जाऊं केव्हां तरी," असें आम्ही वर्षानुवर्षें म्हणत राहिलों. माळांचीं शेतें झालीं, आणि आज तो पक्षी तेथें क्वचितच दिसतो. आमच्या जाण्यानें तो वांचलाच असता असें नव्हे. पण मुलीस सांगण्यापुरता तरी आम्हीं तो पाहिला असता.